बटण बंद केल्यानंतरचा शेरा

आखाडा बाळापुरात बंडोपंत हट्टेकरांचा आवाज ज्याने ऐकला नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि त्या आवाजात ते नेमकं काय म्हणाले हे ज्याला कळलं असा माणूस सापडणं त्याहून कठीण. मारुती मंदिराच्या माईकवर एकतीस वर्षं त्यांचा अखंड ताबा होता. कोणाची किल्ली सापडली, कोणाचं लेकरू हरवलं, पंगत कधी बसणार, चपला कुठे काढायच्या, सगळ्या सूचना बंडोपंतच देणार. न कळण्यात दोष त्यांचा नव्हता, पेटीचा होता. पेटी म्हणजे मंदिराचा ॲम्प्लिफायर. करड्या रंगाचा, लोखंडी, उचलताना माणसाला देव आठवावा इतका जड. गेली कित्येक वर्षं त्याला घुरघुर लागली होती आणि त्या घुरघुरीतून 'महाप्रसाद' हा एकच शब्द स्वच्छ बाहेर पडायचा. गावाला तेवढा पुरत असे.

बंडोपंतांची सगळी नोकरी तहसील कचेरीत, कारकुनीत गेली. कागद आला की नोंद, नोंदीवर टिपणी, टिपणीखाली शेरा, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. निवृत्तीनंतर कागद येणं थांबलं, शेरा मात्र आतून येतच राहिला. त्याचीही सोय त्यांनी मंदिरातच करून घेतली होती. सूचना संपली की पेटीचं बटण टक् करून बंद करायचं. पेटी तत्क्षणी मुकी व्हायची. मग माईकसमोर तसंच उभं राहून, गाभाऱ्यातल्या मारुतीकडे पाहत, हळूच शेरा मारायचा. 'ज्यांच्या चपला हरवल्या असतील त्यांनी संपर्क साधावा.' टक्. 'दरवर्षी ह्याच्याच हरवतात, आणि दरवर्षी जाताना नव्या घालून जातो.' हा शेरा मारुतीशिवाय कोणी ऐकत नसे, आणि मारुतीने कधी हरकत घेतलेली नव्हती. घरी सुनीतीबाईंपुढे शेरा मारण्याची सोय नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

यंदा पाडव्याला पेटीने मान टाकली. बंडोपंत पंचांग वाचत होते. 'यंदाचे पर्जन्यमान' इथवर आले आणि भोंग्यातून म्हैस पाण्यात बसल्यासारखा आवाज होऊन सगळं थंड झालं. गावातल्या शेतकऱ्यांना यंदा पाऊस आहे की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच संध्याकाळी मंदिराच्या मंडळाची बैठक बसली.

मंडळाचा अध्यक्ष पुष्कर. बसस्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. पोरगा सालस, बंडोपंतांना काका म्हणणारा, वाकून नमस्कार करणारा; म्हणून तर त्याच्यावर रागावताही येत नसे. त्याने मोबाईलवर एका नव्या स्पीकरचं चित्र दाखवलं. त्याला चाकं होती, रंगीत दिवे होते. "आणि काका, सूचना नुसती टाईप करायची," तो कौतुकाने म्हणाला, "मोबाईलमधली बाई वाचून दाखवते. तुम्हाला उगाच तकलीफ नको."

बंडोपंतांना आयुष्यात बदलीचे हुकूम बरेच आले, पण आपल्या जागी मोबाईलमधली बाई येणार हा हुकूम पहिलाच. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की पेटी आपण स्वतः दुरुस्त करू, हनुमान जयंतीच्या आत. पाडव्यापासून जयंती पंधरा दिवसांवर. कोणी हसलं नाही, हेच त्यांना जास्त लागलं. मग ठराव लिहायला घेतला. इतिवृत्त लिहिणारे अर्थात बंडोपंतच, आणि ठराव लिहायचा तर तो पक्का, पळवाट न ठेवता लिहायचा, ही हाताची सवय. लिहून झाल्यावर त्यांनी तो खड्या आवाजात वाचला: 'सदर यंत्र श्री. हट्टेकर हे स्वतः, बाहेरील कोणत्याही व्यक्तीची मदत न घेता, विहित मुदतीत दुरुस्त करतील. न केल्यास यंत्र भंगारात देण्यात येऊन सूचना देण्याची जबाबदारी नवीन यंत्राकडे सोपविण्यात यावी.' स्वतःला बांधायचा दोर त्यांनी स्वतः वळला, गाठ मारली, वर तारीख टाकली. पुष्करने त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला.

पेटी घरी आली आणि तिच्यामागोमाग सल्ले आले. शेजारच्या आशाबाई म्हणाल्या की त्यांच्या सासऱ्यांचा रेडिओ एकदा उन्हात ठेवल्यावर बोलायला लागला होता, पेटीलाही दोन ऊन द्या. पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ, ज्यांचा मोबाईल नुकताच हौदात पडून वाचला होता, ते म्हणाले तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा. एवढ्या पेटीला पुरेल इतका तांदूळ रेशन दुकानाशिवाय कोणाकडे असणार? बंडोपंतांनी सर्वांचे आभार मानले आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. त्यात एका माणसाने चुटकीसरशी सांगितलं की जुन्या यंत्राला घुरघुर लागली तर कपॅसिटर म्हणजे कंडेन्सर गेलेले समजावेत, काढावेत, नवे घालावेत. व्हिडिओ सात मिनिटांचा होता. हे तर सात मिनिटांचं काम आहे, असं ते सुनीतीबाईंना म्हणाले, आणि पुढे दोन आठवडे हे वाक्य त्यांना रोज ऐकवण्यात आलं.

पहिल्याच दिवशी पेटी लावून, बंद करून, वायर भिंतीतून काढून हातभर लांब ठेवून त्यांनी झाकण उघडलं आणि बोट आत घातलं. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. त्यांनी वायरीकडे पाहिलं. वायर निमूटपणे जमिनीवर पडली होती. वीज नाही, जोडणी नाही, तरी शॉक, हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. सुनीतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, त्याला शिवू नका, तुमच्यासारखंच दिसतंय ते." ह्याचा अर्थ विचारण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत.

मग त्यांनी रीतीने काम सुरू केलं. जुन्या कचेरीतली एक कोरी नोंदवही कपाटात होती. तिच्यात रकाने आखले: अनुक्रमांक, आकार, रंग, अंगावरील मजकूर, पांढऱ्या पट्ट्याची बाजू, शेरा. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता की पट्ट्याची बाजू म्हणजे उणे, ती चुकली तर फार वाईट होतं. म्हणून एकेका कंडेन्सरसमोर त्यांनी 'पट्टा डावीकडे', 'पट्टा उजवीकडे' असं घोटीव अक्षरात लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात तर त्यांचा हात थांबेना. डोकं फुगून वर आलेल्यांपुढे 'फुगलेला', बुडाशी चिकट ओघळ आलेल्यांपुढे 'गळका', आणि जे दिसायला चांगले होते त्यांच्यापुढे 'सकृद्दर्शनी ठीक, तथापि संशयास्पद'.

ह्या मोठ्या, डब्यासारख्या मंडळींची किंमत तरी अंगावर लिहिलेली होती. जे बारीक, चपटे, चिंचोक्याएवढे होते त्यांच्यावर नुसता आकडा: एकावर १०४, दुसऱ्यावर ४७३. बंडोपंतांनी हे आवक क्रमांक मानले. मग एकशे पाच ते चारशे बहात्तर कुठे गेले ह्याचा शोध त्यांनी पूर्ण एक दुपार पेटीत टॉर्च मारून घेतला. संध्याकाळी पुण्याहून मुलीचा, नीलांबरीचा फोन आला. तिने शाळेत शिकवल्यासारखं समजावलं की शेवटचा आकडा म्हणजे शून्यांची संख्या. १०४ म्हणजे दहावर चार शून्यं, म्हणजे एक लाख, आणि तेही सगळ्यात बारीक मापात. बंडोपंतांना हा कारभार मुळीच आवडला नाही. आकडा लिहिला की पुढे कंसात अक्षरी लिहायचा, म्हणजे कोणाला खाडाखोड करता येत नाही, एवढं साधं ज्ञान नसलेल्या लोकांनी ही यंत्रं बनवली होती.

यादी घेऊन ते हिंगोलीला गेले. पहिल्या दुकानात 'कंडेन्सर' म्हणताच दुकानदाराने न पाहता विचारलं, पंखा की मोटार? बंडोपंत म्हणाले, मारुती. दुकानदाराने गाडीच्या सामानाचं दुकान दाखवलं. तिसऱ्या दुकानातल्या माणसाने यादी शेवटपर्यंत वाचली, अक्षराची तारीफ केली आणि म्हणाला, काका, असला जुना माल आता कोणी दुरुस्त करत नाही, जागा मोकळी करतात. बंडोपंतांना ते वाक्य उगाचच मनाला लागलं. येताना एसटीत त्यांनी ती यादी पुन्हा शेवटपर्यंत वाचली.

शेवटी नीलांबरीने ऑनलाइन मागवून दिलं. कारकुनी सवयीने बंडोपंतांनी प्रत्येक वस्तू तीन प्रतींत मागवली. मोठ्या कंडेन्सरांची तेवढी एकच जोडी मिळाली. पार्सल वेळेत निघालं आणि वेळेत पोचलंही, फक्त अकोल्याकडच्या बाळापूरला. फोनवरची मुलगी हिंदीत जवळची खूण विचारत होती आणि बंडोपंत तिला आमचं बाळापूर निझामाच्या वेळेपासून इथेच आहे, हे पटवून देत होते. चार दिवसांनी पार्सल खरोखर दारात आलं. ते आणणाऱ्या माणसाने मोबाईलवर आलेला आकडा विचारला. बँकेने बंडोपंतांना बजावून ठेवलं होतं की हा आकडा कोणी, कितीही गोड बोलून विचारला तरी सांगायचा नाही. त्यांनी सांगितला नाही. तो माणूस गयावया करू लागला तसा त्यांचा संशय पक्का झाला. पार्सल नांदेडला परत गेलं. सुनीतीबाईंनी ही हकीकत आशाबाईंना सांगितली, आशाबाईंनी गल्लीला सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी बंडोपंत नांदेडच्या गोदामात जाऊन, रांगेत उभं राहून, तोच आकडा अनोळखी माणसाला मोठ्याने सांगून पार्सल घेऊन आले.

जयंतीला आता चारच दिवस उरले. कथील वितळवून डाग द्यायची विजेची कांडी त्यांनी शेजारून उसनी आणली. पहिला डाग टेबलक्लॉथला दिला गेला, दुसरा धोतराला. सुनीतीबाईंनी त्यांची रवानगी गच्चीवर केली. गच्चीवर अर्ध्या भागात धुतलेल्या पातळांवर कुरडया वाळत होत्या. सुनीतीबाई आणि आशाबाई दोघींनी मिळून तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून घातलेल्या. उरलेल्या अर्ध्यात बंडोपंत बसले. पेटीतली कंडेन्सर बसवायची पाटी पालथी घालायची, वहीत पाहायचं, पट्टा कोणत्या बाजूला ते वाचायचं, त्याप्रमाणे नव्या कंडेन्सरचे पाय घालायचे, डाग द्यायचा, वहीत बरोबरची खूण करायची. दोन दिवस ते असे मन लावून बसले की जेवायला हाक मारावी लागे. नोकरीत असताना ते असेच दिसायचे, हे सुनीतीबाईंच्या ध्यानात आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या उन्हात बंडोपंतांनी मारुतीचं नाव घेऊन बटण दाबलं. लाल दिवा लागला. घुरघुर आली नाही. त्यांनी विजयाने खाली हाक मारली, "अहो, ऐकलं का?" आणि तेवढ्यात ऐकू आलं. आधी एक फट् झालं. मग दुसरं. मग लवंगी माळ लावावी तसे एकापाठोपाठ एक कंडेन्सर उडाले, आणि शेवटी मोठ्या जोडीने असा बार काढला की खालच्या रस्त्यावरचा सायकलवाला उतरून उभा राहिला. धूर निवळला तेव्हा चंदेरी कागदाचे कपटे आणि ओलसर भुसा हवेत तरंगत होता आणि सावकाश कुरडयांवर उतरत होता. सुनीतीबाई जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कुरडयांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर बंडोपंतांना बरं वाटलं असतं.

त्या दुपारी बंडोपंत जेवले नाहीत. वही मांडीवर घेऊन बसून राहिले. एकेक नोंद ताडून पाहिली. एकही चूक नव्हती. मग वही मिटून म्हणाले, "येऊ दे त्या बाईला मोबाईलमधल्या. मी आता देवळात गेलो काय, न गेलो काय." हे ऐकून सुनीतीबाईंचा कुरडयांचा राग उतरला. त्यांच्याकडे दर बाजारी तांड्यावरची पारुबाई भाजी घेऊन येई. तिचा नवरा शंकरसिंग तांड्यावरच्या सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, कंडेन्सर बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे त्यांनी अनेकदा ऐकलं होतं. त्यांनी ते सांगितलं.

शंकरसिंग आडे हे नाव ऐकून बंडोपंत आणखीच खचले. पंधरा वर्षांपूर्वी ह्याच माणसाचा, सातबाऱ्यावर विहिरीची नोंद करावी असा अर्ज त्यांनी चार वेळा परत पाठवला होता. एकदा समास सोडलेला नव्हता, एकदा तारीख नव्हती, एकदा सही तिकिटावर चढली होती, आणि चौथ्यांदा बंडोपंत जेवायला गेले होते. त्यातून ठराव आडवा येत होता: बाहेरील कोणत्याही व्यक्तीची मदत न घेता. पण दिवस दोनच राहिले होते. त्यांनी पेटी पोत्यात घातली, स्कूटरवर पायाशी उभी केली आणि माणसं कमी असतील त्या वाटेने निघाले. वाटेत तिघांनी पोत्यात काय म्हणून विचारलं. पहिल्याला त्यांनी गहू सांगितला. त्याने कोणता गहू विचारलं. पुढच्या दोघांपाशी त्यांनी स्कूटरचा वेग वाढवला.

शंकरसिंग लिंबाखाली बाजेवर बसून मोटारीची वायर सोलत होता. उठून रामराम घातला, पाणी दिलं, पोत्यात डोकावला. मग अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "अर्ज आनला का साहेब?"

बंडोपंत पोत्याचं तोंड पुन्हा बांधू लागले.

"समास सोडेल पाहिजे बरं का. न्हाई तं मी परत धाडतो."

तेवढं म्हणून तो मोठ्याने हसला, पारुबाईही आतून हसली आणि बंडोपंतांना बसायला बाज मिळाली. शंकरसिंगने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि आधी मोठ्या कंडेन्सरच्या जळक्या पायांना आडवा टेकवून पाहिला. हे कशाला, असं बंडोपंतांनी विचारलं. "लाईन काढली तरी त्याच्यात करंट बसून ऱ्हाते साहेब," तो म्हणाला. "रिटायर मान्सावानी. पैले तो काढावं, मंग हात घालावं." कोपरापर्यंत आलेल्या झिणझिण्या बंडोपंतांना आत्ता कळल्या.

मग त्याने पाटी पाहिली, वही मागितली, पाटी पालथी केली, पुन्हा सुलटी केली. वही बराच वेळ पाहिली. अक्षर फार चांगलं आहे म्हणाला. आणि मग म्हणाला, "साहेब, नोंद तुमी पाटी सुलटी ठेवून घेतली. अन् डाग देऊन राहिले पालथी घालून. मानूस पालथा निजला की त्याचा डावा हात कुठं जाते?"

बंडोपंतांनी नकळत स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. सगळे पट्टे उलटे. एकूणएक, अगदी शिस्तीत उलटे.

"अन् हे पाहा, पाटीवर अधिकाची खून छापेल हाय, प्रत्येकाजवळ. इतं पाहायचं सोडून वहीत काहून पाहिलं?"

"वहीत नोंद होती," बंडोपंत म्हणाले. शंकरसिंग त्यावर हसला नाही. त्याने त्यांच्या हातात टॉर्च दिला आणि धरायला सांगितलं.

तीन प्रतींची सवय त्या दिवशी कामी आली. बारीक माल भरपूर शिल्लक होता. मोठी जोडी मात्र उरली नव्हती. शंकरसिंगने खोपटातून एका जळालेल्या डीजेच्या ॲम्प्लिफायरमधले दोन काढून आणले, पेल्याएवढे. पहिल्यांवर दोन हजार दोनशे लिहिलेलं होतं, ह्यांच्यावर दहा हजार. बंडोपंत दचकले. मंजूर आकड्यापेक्षा जास्त कसं चालेल? शंकरसिंगने समजावलं की व्होल्टचा आकडा कमी नको, तो बराबर पाहून घ्यायचा. पोट मोठं असलं तर इथे बिघडत नाही. घुरघुर मरते, आणि बंद केल्यावरही पेटी जरा दम धरते. बंडोपंतांनी मान डोलावली. वही त्यांनी लाजेने केव्हाच पोत्यात टाकली होती, त्यामुळे एवढी एकच गोष्ट नोंदवायची राहिली.

निघताना ते घुटमळले आणि ठरावाची अट सांगितली. शंकरसिंग म्हणाला, मी काहून सांगू कोणाला? पारुबाईने सुनीतीबाईंसाठी पोत्यात वांगी टाकली.

हनुमान जयंतीला सूर्योदयाला जन्म झाला, आणि भोंग्यातून बंडोपंतांचा आवाज असा बाहेर पडला की पारावरचे लोक दचकून इकडेतिकडे पाहू लागले. एकेक अक्षर सुटं. 'चपला डाव्या बाजूस काढाव्यात' हे गावाला पहिल्यांदा कळलं आणि लोकांनी खरोखर चपला डाव्या बाजूला काढल्या. पुष्कर स्वतः येऊन पाया पडला. म्हणाला, काका, मानलं तुम्हाला. सकाळभर माईक चालूच होता. कीर्तन, आरती, देणगीदार, पंगतीमागून पंगती, बटण बंद करायची वेळच आली नाही.

दुपारी शेवटची पंगत बसली तेव्हा बंडोपंत समारोपाला उभे राहिले. सर्वांचे आभार मानले आणि मग, ठराव डोळ्यांसमोर होता म्हणून, म्हणाले, "सदर यंत्र अस्मादिकांनी स्वहस्ते, बाहेरील कोणाचीही मदत न घेता दुरुस्त केले, हे मंडळाच्या माहितीस्तव." टाळ्या पडल्या. त्याच वेळी चौघे बुंदीची कढई दांडक्यावर घेऊन मंडपातून चालले होते. पुढच्या खांद्याला शंकरसिंग होता. त्याने बंडोपंतांकडे पाहिलं, ओळखीचं हसला आणि कढई घेऊन पुढे गेला. बायकांच्या पंगतीतून पारुबाईने मात्र पाहिलं ते सरळ पाहिलं. बंडोपंतांना फार लाज वाटली. त्यांनी घाईने 'पुंडलिक वरदा' म्हटलं, टक् करून बटण बंद केलं, आणि मारुतीकडे वळून, माईकसमोर तसंच उभं राहून, शेरा मारला.

"मारुतीराया, तुझ्यापुढं खोटं कशाला? मी नुसता टॉर्च धरला. सगळं त्या शंकरसिंगनं केलं. मला अजून डावं-उजवं कळत नाही."

बटण बंद होतं. लाल दिवा विझत आला होता. पण दहा हजारांचं पोट अजून भरलेलं होतं, आणि शंकरसिंगने सांगितल्याप्रमाणे पेटीने दम धरला. आवाज बारीक होत गेला खरा, पण 'डावं-उजवं' पर्यंत मंदिरावरच्या चारही भोंग्यांतून तो पार एसटी स्टँडपर्यंत पोचला. पंगतीतल्या माणसांचे हात पानावर थांबले. बंडोपंतांना शांतता कशाची ते कळायला थोडा वेळ लागला.

पुष्कर उठला. त्याच्या मोबाईलमध्ये फोटो होताच. त्याला वाईट वाटत होतं, पण अध्यक्ष होता, आणि वाचायलाच हवं होतं. त्याने वाचलं: बाहेरील कोणत्याही व्यक्तीची मदत न घेता. वाचून झाल्यावर तो बंडोपंतांकडे न पाहता जमिनीकडे पाहत उभा राहिला. बंडोपंतांनी माईकच्या दांडीवरचा हात काढून घेतला.

कढई खाली ठेवल्याचा आवाज झाला. शंकरसिंगने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि सावकाश विचारलं, "बाहेरचा कोन म्हनता, पुष्करभाऊ? वीस वर्सांपासून ही कढई मी उचलून राहिलो. बुंदी उचलाले मी घरचा, अन् कंडेन्सर लावाले बाहेरचा?"

मग पंगतीतून आशाबाईंचा आवाज आला की त्याचं बराबर आहे, आणि बुंदी थंड होऊन राहिली. पुष्करने मोबाईल खिशात ठेवला आणि तो मनापासून हसला. म्हणाला, काका, इतिवृत्त तुम्हीच लिहिता, हेही लिहून टाका.

बंडोपंतांनी तिथेच वही मागवली. डावीकडे समास सोडला. 'सदर यंत्र मंदिराचे सेवेकरी श्री. शंकरसिंग लालसिंग आडे यांनी दुरुस्त केले; श्री. हट्टेकर यांनी टॉर्च धरला.' वडिलांचं नाव त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. चार वेळा अर्ज परत करताना त्यांनी ते चार वेळा लिहिलं होतं. लिहून झाल्यावर ते उठले, कढईच्या दांडक्याला दुसऱ्या बाजूने खांदा लावायला गेले, आणि शंकरसिंगने त्यांना प्रेमाने बाजूला सारून हातात बुंदीचं वगराळं दिलं.

सूचना अजून बंडोपंतच देतात. आवाज इतका स्वच्छ झाला आहे की आता त्या कोणी फारशा लक्ष देऊन ऐकत नाही. पण सूचना संपून टक् झालं, की पारावरचे लोक बोलणं थांबवतात, चहावाला स्टोव्ह बारीक करतो, आणि सगळं बाळापूर सात-आठ सेकंद कान देऊन बसतं.